निवड करताना: सांगली-साताऱ्याकडे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावीचा निकाल, लग्नाचं स्थळ, उसाचं बेणं, पुण्यातली नोकरी, वडिलांच्या नावची जमीन. आमच्या भागात माणसाची झोप उडवणारे निर्णय साधारण यातलेच असतात. बरीच वर्षं मी सांगलीत मुलामुलींशी आणि त्यांच्या घरच्यांशी अशा निर्णयांबद्दल बोलत आले आहे. तेच प्रश्न निरनिराळ्या तोंडून पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून काढली. कुणी काय निवडावं हे इथं सांगितलेलं नाही. निवडताना काय बघावं याबद्दल मात्र माझी मतं ठाम आहेत आणि ती मी लपवलेली नाहीत.

निर्णय घेणं इतकं जड का जातं?

कारण काही घ्यायचं तर काही सोडावं लागतं, आणि सोडायची तयारी आपण केलेली नसते. एखादी मुलगी म्हणते, "मला आर्ट्सला जायचंय, पण सायन्सही सोडवत नाही." थोडं बोलल्यावर कळतं की फिजिक्स-केमिस्ट्रीशी तिचं काही देणंघेणं नाही. सायन्सच्या मुलीला नातेवाइकांत जो मान मिळतो, तो तिला सोडवत नाहीये. हे एकदा तिच्याच तोंडून बाहेर आलं की प्रश्न निम्मा सुटतो. मान नको असं मी म्हणत नाही. मानासाठी दोन वर्षं नावडते विषय घोकायचे का, एवढंच मग ठरवायचं उरतं.

डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये एक सिद्धांत मांडला. हजार रुपये मिळाल्याचा आनंद जेवढा असतो, त्यापेक्षा हजार रुपये गेल्याची बोच मोठी असते, हा त्यातला एक मुख्य मुद्दा. निर्णयाच्या वेळी हेच आडवं येतं. म्हणून माझ्याकडे येणाऱ्याला मी फायद्या-तोट्याचे दोन रकाने काढायला लावत नाही. फायदे सगळ्यांना पाठ असतात. "काय सोडावं लागेल, आणि ते कुणाला सोडावं लागेल" एवढंच लिहा म्हणते. लिहिताना जिथं पेन थांबतं, तिथं खरी अडचण असते.

"आत्ता काही ठरवत नाही, बघू पुढं" असं म्हटलं तर?

तर तुमच्या वतीनं दुसरं कुणीतरी ठरवतं. कधी वेळ, कधी भाऊबंद, कधी पाणी.

सांगलीकरांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी चढू लागलं तेव्हा आकडे सगळ्यांच्या मोबाइलवर येत होते. तरीही गावभागात, मारुती चौकाच्या आसपास कितीतरी घरं थांबून राहिली. कारण २००५ चा पूर लोकांनी पाहिला होता. "तेव्हा पाणी आपल्या तिसऱ्या पायरीला लागलं आणि ओसरलं" ही आठवण पक्की होती, आणि पाणी तिसरी पायरी ओलांडणार नाही असा हिशेब प्रत्येक घरानं मनात धरला होता. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. जी माणसं सोमवारी चालत बाहेर पडू शकली असती, त्यांना नंतर बोटीची वाट बघावी लागली.

त्या माणसांना बेफिकीर म्हणणं अन्यायाचं आहे. घर सोडायचं म्हणजे फ्रीज, धान्याची पिंपं, म्हातारी आई, गोठ्यातली म्हैस या सगळ्याचं बघावं लागतं. थांबण्याला त्यांच्याकडे कारण होतं. चूक एवढीच झाली की कुठल्या आकड्याला निघायचं हे आधी ठरलेलं नव्हतं, आणि पाणी दारात आल्यावर शांतपणे ठरवणं कुणालाच जमत नाही. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला, तेव्हा ज्या घरांनी "अमुक फुटाला सामान माडीवर, अमुक फुटाला आई मामाकडं" असं आधीच ठरवलं होतं, त्यांचे ते दिवस पुष्कळ सुसह्य गेले.

हीच रीत नोकरी, शिक्षण, धंदा, दुखणं सगळीकडं लागू पडते. निर्णय आज घेता येत नसेल तर घेऊ नका. पण कुठल्या तारखेला किंवा कुठल्या खुणेला घ्यायचा, ते आज ठरवा आणि घरातल्या एकाला तरी सांगून ठेवा.

दहावी-बारावीनंतर काय घ्यावं हे सोळा-सतरा वर्षांच्या पोराला कसं कळणार?

पूर्ण नाही कळणार. त्याला चाळिशीतलं आयुष्य दिसावं ही अपेक्षाच चुकीची आहे. पुढची दोन-तीन वर्षं दिसली तरी पुरे.

त्यासाठी डोळ्यांनी बघावं लागतं. ज्या मुलाला मेकॅनिकलला जायचंय त्यानं कुपवाडच्या किंवा मिरजेच्या एमआयडीसीत एखाद्या शॉपमध्ये सकाळची पूर्ण पाळी उभं राहून काढावी. जिला नर्सिंगला जायचंय तिनं ओळखीच्या सिस्टरशी रात्रपाळीबद्दल बोलावं. माहितीपत्रकातल्या फोटोपेक्षा एवढ्यानं जास्त कळतं. मिरज हे दवाखान्यांचं गाव, तिथं अशी ओळख काढणं फारसं कठीण नाही.

इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा पसंतीक्रम भरताना मात्र एक चूक हमखास होते. पोरं शेजारच्याची यादी उतरवतात किंवा मागच्या वर्षीचे कटऑफ बघून वरून खाली नावं लिहीत जातात. पसंतीक्रम म्हणजे आपल्याला हवं त्या क्रमानं लिहिणं. "हे मिळणार नाही" म्हणून आवडतं कॉलेज खाली ढकललं आणि वरचं मिळालं, तर पुढच्या फेरीत मागं वळता येईलच असं नाही, कारण पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती स्वीकारावीच लागते. फेऱ्यांचे नियम वर्षाला बदलतात. त्या वर्षीची माहितीपुस्तिका आई-वडील आणि मूल यांनी एकत्र बसून वाचावी, कॅफेवाल्यावर सोडू नये.

मुलांच्या वतीनं आई-वडिलांनी ठरवावं का?

पैसे किती आहेत, कर्ज किती झेपेल, कुठल्या गावात ठेवता येईल, हे आई-वडिलांनी स्पष्ट सांगावं. त्या चौकटीत निवड मुलाची. "आम्ही काही बोलणार नाही, तुला हवं ते कर" असं म्हणून नंतर वर्षभर टोमणे मारणं हा सगळ्यात वाईट प्रकार. त्यापेक्षा सरळ नाही म्हटलेलं मुलाला पचतं.

सगळी माहिती हातात आल्याशिवाय निर्णय घेऊ नये, हे खरं ना?

सगळी माहिती कधीच हातात येत नाही. हर्बर्ट सायमन या अमेरिकन अभ्यासकाला १९७८ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते माणसं आणि संस्था प्रत्यक्षात निर्णय कसे घेतात या अभ्यासासाठी. त्यानं दाखवलेली गोष्ट अशी की माणसाकडे वेळ, माहिती आणि डोकं तिन्ही मर्यादित असतं. म्हणून तो उत्तमोत्तम शोधत बसत नाही. आपल्या गरजेच्या रेषेवर उतरणारा पर्याय सापडला की तिथं थांबतो. यात कमीपणा काही नाही.

लग्नाच्या बाबतीत हे फार दिसतं. वीस-पंचवीस स्थळं बघून झाली तरी "अजून एखादं बघू" चालूच. काय हवं ते ठरलेलं नसलं की प्रत्येक नवं स्थळ आधीच्यात खोट काढतं. त्यापेक्षा तडजोड न होणाऱ्या तीन-चार गोष्टी मुलीनं आणि मुलानं स्वतः, दुसऱ्या कुणासमोर न बसता, लिहाव्यात. लग्नानंतर नोकरी चालू राहील का, दारू आहे का, राहायचं कुठं, घरखर्चाचे निर्णय कोण घेतं. उंची, रंग, गुण जुळणं यांच्या मानानं या गोष्टी कितीतरी मोठ्या, आणि चहा-पोह्यांच्या अर्ध्या तासात विचारल्या जात नाहीत. दुसरी भेट मागा. दुसऱ्या भेटीला नाही म्हणणारं घर आपण कसं आहोत हे त्यातूनच सांगत असतं.

ऊस ठेवावा की द्राक्षबाग लावावी? हा शेतीचा प्रश्न झाला, पण मला ठरवताच येत नाहीये.

शेतीचा आहेच, आणि निवडीबद्दल शिकायला यासारखा दुसरा प्रश्न नाही.

पहिल्यांदा बघा, मागं फिरायला किती लागेल. सोयाबीन फसलं तर साडेतीन-चार महिन्यांत रान मोकळं. आडसाली उसात रान दीड वर्ष अडकतं, पण खर्च तुलनेनं कमी आणि कारखाना ठरलेला. द्राक्षबाग म्हणजे मंडपाचे अँगल, तारा, ठिबक, खुंटरोपं, त्यावर कलम. एकरी लाखांत पैसा आधी जातो, पीक हाती यायला दीड-दोन वर्षं लागतात आणि पुढं दहा-पंधरा वर्षं ती बागच तुमचं वेळापत्रक ठरवते. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, मधल्या पावसात डाऊनी रोगासाठी फवारण्या. घरात कुणाचं लग्न असलं तरी ढग आले की ब्लोअर घेऊन रात्री बागेत जावं लागतं. ज्या निर्णयातून मागं फिरायला जास्त लागतं, त्याला विचारही जास्त द्यायचा. चार महिन्यांच्या निर्णयावर चार महिने डोकं खाजवत बसू नये आणि पंधरा वर्षांचा निर्णय बांधावरच्या गप्पांत घेऊ नये.

दुसरं बघा, त्या वाटेवर पुढं आणखी फाटा आहे का. तासगाव-कवठेमहांकाळकडचे बागायतदार इतकी जोखीम झेलतात त्याचं एक कारण बेदाणा. खाण्याच्या द्राक्षाला व्यापाऱ्यानं भाव पाडला तर माल रॅकवर टाकता येतो. घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढायचे, शेडमधल्या जाळीवर पसरायचे, पंधरा-वीस दिवसांत बेदाणा तयार होतो. मग तो कोल्ड स्टोअरेजला ठेवून सांगली-तासगावच्या सौद्यांत सवडीनं विकता येतो. पिकलेलं द्राक्ष थांबत नाही, बेदाणा थांबतो. ही दुसरी वाट फुकट मिळत नाही, शेडचा आणि स्टोअरेजचा खर्च आहेच. पण दोन पर्यायांत फार फरक दिसत नसेल, तर ज्यात पुढं असा फाटा आहे तो घ्यावा असं माझं मत आहे. मुलांनी अभ्यासक्रम निवडताना हीच गोष्ट बघावी: हे जमलं नाही तर यातून दुसरीकडं कुठं वळता येतं?

आणि तिसरं, पाणी. म्हैसाळ किंवा टेंभू या उपसा योजनांचं आवर्तन तुमच्या रानापर्यंत प्रत्यक्ष येतं का? शेजाऱ्याला येतं म्हणून आपल्याला येईल असं धरून लावलेल्या बागा उन्हाळ्यात टँकरवर जगवाव्या लागल्या आहेत.

चार वर्षं एमपीएससी केली. आता सोडली तर चार वर्षं वाया. काय करू?

हा प्रश्न माझ्याकडे सगळ्यात जास्त येतो आणि विचारणाऱ्याचा चेहरा बघवत नाही. म्हणून नीट सांगते.

ती चार वर्षं तुम्ही पुढं चालू ठेवलं तरी परत येणार नाहीत आणि थांबलात तरी परत येणार नाहीत. ती दोन्हीकडे सारखीच गेलेली आहेत. म्हणून ती हिशेबातून बाहेर काढा. आजपासूनचं पुढचं एक वर्ष तुमच्या हातात आहे. समजा तुम्ही आज पहिल्यांदाच या परीक्षेचा विचार करताय, वय आजचं, घरची स्थिती आजची, मागच्या दोन परीक्षांचे गुण समोर आहेत. अशा वेळी सुरुवात केली असती का? उत्तर "हो" आलं तर जोमानं करा. "नाही" आलं तर चार वर्षांच्या लोभापायी पाचवं घालवू नका.

गुणांकडं भावनेनं बघू नका. पूर्व परीक्षा दोन-चार गुणांनी हुकणं वेगळं आणि दर वेळी तेवढ्याच लांब राहणं वेगळं. पोलीस भरतीची पोरं याबाबतीत जास्त सरळ असतात. १६०० मीटरला घड्याळ खोटं बोलत नाही. तीन महिने सराव करून वेळ खाली येत नसेल तर पोराला ते स्वतःलाच कळतं. अभ्यासिकेत बसणाऱ्यालाही असं घड्याळ लागतं. दर महिन्याला वेळ लावून सोडवलेला एक पूर्ण पेपर, आणि त्याचे गुण भिंतीवर.

वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आहे, म्हणून ३८ पर्यंत देत राहायचं असा त्याचा अर्थ नाही. किती प्रयत्न द्यायचे, घरून किती पैसे घ्यायचे, हे पहिल्या वर्षीच वडिलांसमोर बोलून ठरवायला हवं. तेव्हा ठरवलं नसेल तर आज ठरवा.

आणि वाया काही जात नाही, असा गोड दिलासा मी देणार नाही. काही वर्षं खरंच वाया जातात. त्याचं दुःख करावं, ते दाबू नये. पण त्या दुःखाची भरपाई म्हणून आणखी वर्षं देऊ नयेत.

पक्की नोकरी सोडून मनासारखं काम करावं का?

आमच्या भागाचा इतिहासच नोकऱ्या सोडणाऱ्यांचा आहे, म्हणून तरुण पोरं ही उदाहरणं लगेच पुढं करतात. येडेमच्छिंद्रच्या नाना पाटलांनी तलाठ्याची नोकरी १९३० मध्ये सोडली आणि स्वातंत्र्यलढ्यात उतरले, पुढं साताऱ्याचं प्रतिसरकार उभं राहिलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मुंबईची शिक्षकाची नोकरी सोडून बेळगावात सायकलचं दुकान काढलं.

उदाहरणं खरी आहेत, पण त्यातला मधला भाग कुणी सांगत नाही. लक्ष्मणरावांनी बेळगावात सायकलींपासून नांगरांपर्यंत मजल मारली, आणि मग नगरपालिकेनं कारखान्याची जागाच खाली करायला लावली. त्यांनी निवडलेली वाट तिथं संपली होती. औंधच्या राजांनी कुंडलजवळ जागा देऊ केली, ती म्हणजे निवडुंगानं भरलेला माळ. १९१० मध्ये तिथं किर्लोस्करवाडी वसली. नोकरी सोडणं हा त्या गोष्टीतला सगळ्यात सोपा निर्णय होता असं मला वाटतं. निवडुंग बघून तिथं राहायचं ठरवणं जास्त अवघड.

तेव्हा नोकरी सोडायच्या आधी सहा महिने संध्याकाळी आणि रविवारी ते काम करून बघा. दमल्यावरही करावंसं वाटतं का ते कळेल. घरखर्चाचे किमान वर्षभराचे पैसे बाजूला असू द्या. हप्ते चालू असताना राजीनामा देऊ नका.

निर्णय मी घेतला, झळ मात्र घरच्यांना बसते. हे बरोबर आहे का?

विचारून घेतला असेल तर बरोबर. गृहीत धरून घेतला असेल तर नाही.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले इथं रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढं साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं बोर्डिंग चालवलं. आमच्या भागातल्या हजारो घरांत शिक्षण आलं ते त्यांच्यामुळं, आणि ही कृतज्ञता शब्दांत मावत नाही. पण बोर्डिंगच्या पोरांना खायला धान्य उरलं नाही तेव्हा दागिने गेले ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे. ती पोरं जातीपातीची सोवळी मोडून एका पंगतीत जेवत होती, आणि त्या काळात तसं करणाऱ्या बाईला नातेवाइकांत काय ऐकावं लागलं असेल याचा अंदाज कुणालाही येईल. आपण ही गोष्ट सांगताना "भाऊरावांचा त्याग" म्हणतो. तो निर्णय दोघांचा होता. सोडणाऱ्यांत लक्ष्मीबाई पुढं होत्या.

तुमच्या मोठ्या निर्णयात लक्ष्मीबाईंच्या जागी कोण आहे, हे शोधा. बायको, धाकटी बहीण, शिक्षण अर्धवट सोडून दुकानात बसलेला भाऊ. त्या माणसाशी आधी बोला, कबूल करून घ्या, आणि पुढं चारचौघांत श्रेय देताना त्याचं नाव घ्या.

पुण्यात नोकरी मिळाली आहे, आई-वडील गावात एकटे आहेत. जावं की थांबावं?

याला एकच उत्तर नाही, पण एक भ्रम काढून टाकते. "दोन-तीन वर्षं पुण्यात, मग परत" असं म्हणून गेलेल्यांतले फार थोडे परतले, असं मी पाहत आले आहे. फ्लॅटचा हप्ता सुरू होतो, मुलांची शाळा लागते. म्हणून जाताना कायमचं जातोय असं धरूनच व्यवस्था लावा. वडिलांच्या गोळ्या कोण आणणार, रात्री छातीत दुखलं तर कुणाला फोन करायचा, उसाची तोड आली तर रानात कोण उभं राहणार. ही नावं ठरली तर जायला हरकत नाही. विटा-खानापूर-आटपाडीकडच्या घरांनी गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या माणसं थेट केरळ-तामिळनाडूपर्यंत पाठवली. ती घरं टिकली ती मागं राहिलेल्या चुलत्या-पुतण्यांच्या भरवशावर. तसा भरवसा आज तुमच्या घरात आहे का, ते आधी बघा.

आणि थांबायचं ठरवलंत तर "तुमच्यासाठी थांबलो" हे वाक्य आई-वडिलांना आयुष्यात कधी ऐकवू नका.

देवाला कौल लावून ठरवलं तर चुकीचं का?

श्रद्धेवर मी बोट ठेवत नाही. गुरवानं लावलेली कळी उजवीकडून पडली आणि तुम्हाला हायसं वाटलं, किंवा डावीकडून पडली आणि काळजात धस्स झालं, तर त्या क्षणी मनाला काय हवं ते तुम्हाला कळलेलं असतं. त्याची नोंद घ्या. मात्र दवाखान्याचे, शस्त्रक्रियेचे निर्णय कौलावर सोडू नका. तिथं डॉक्टरांचं ऐका.

माझ्याकडे पर्यायच नाही. मग निवडीच्या गप्पा कशाला?

ही तक्रार खरी असते. जतच्या कोरड्या रानातून कोयता घेऊन बाहेर पडणाऱ्या जोडप्याला "तुमच्या आवडीचं काम निवडा" म्हणणं निर्दयपणा आहे. मुकादमाची उचल अंगावर असते, पोरांची शाळा हंगामात सुटते. नववीत लग्न ठरवलेल्या मुलीनंही काही निवडलेलं नसतं. अठराच्या आत लग्न लावणं हा गुन्हा आहे, आणि १०९८ या चाइल्डलाइनच्या क्रमांकावर तिला किंवा तिच्यासाठी कुणालाही फोन करता येतो. अशा ठिकाणी आधी पर्याय तयार करणं हे बाकीच्यांचं, समाजाचं आणि सरकारचं काम आहे.

तरीही एक उदाहरण सांगावंसं वाटतं. आटपाडी हा भाग तेव्हा औंध संस्थानात होता. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये आपली सत्ता प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना अमलात आणली. मागितल्याशिवाय अधिकार सोडणारा राजा विरळाच. त्याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची खुली वसाहत सुरू झाली. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी तिथं भिंतींशिवाय राहू लागले, शेती करू लागले, बायकामुलांना सोबत ठेवू लागले. पळून जाणं त्यांना रोज शक्य होतं. न पळण्याचा निर्णय रोज त्यांनाच घ्यायचा होता, आणि तो त्यांच्या हाती दिला होता म्हणून माणूस म्हणून उभं राहणं त्यांना शक्य झालं. ती वसाहत आजही आहे.

म्हणून घरात ज्यांच्या हातात काहीच दिलेलं नसतं, अशांना काहीतरी ठरवू द्या. म्हाताऱ्या सासूला आज भाजी कुठली करायची ते. बारा वर्षांच्या पोराला सुट्टीतले पैसे कशावर खर्च करायचे ते. सुनेला तिच्या पगाराचं काय करायचं ते, पूर्णपणे.

भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागतोय. दिली नाही तर माहेर तुटेल. काय करू?

वडिलांच्या दिवसकार्याला जमलेल्या गर्दीत कुणीतरी वडीलधारं माणूस बहिणींना म्हणतं, "बाई, तुम्हाला काय कमी आहे, सही करून टाका." कागद तयारच असतो. त्या दिवसांत सही करू नका. एवढं एक तरी ऐका. दुःखात, पाहुण्यांसमोर, घाईत घेतलेला हा निर्णय पुन्हा उलटवता येत नाही म्हटलं तरी चालेल. नोंदणीकृत हक्कसोडपत्र रद्द करायला कोर्टाची पायरी चढावी लागते, आणि तिथंही यश मिळेलच असं नाही.

कायदा काय म्हणतो ते माहीत असू द्या. हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली, आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मापासूनचा हक्क मिळाला. त्या तारखेला वडील हयात असलेच पाहिजेत अशी अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं.

पर्याय सही करणं आणि भावाशी भांडणं एवढे दोनच नाहीत. सातबाऱ्यावर नाव राहू द्यायचं आणि रान भावालाच कसू द्यायचं, हा एक. आपल्या वाट्याची किंमत हप्त्यानं घ्यायची, हा दुसरा. थोडा वाटा ठेवून बाकी सोडायचा, तोही चालतो. काही बहिणी पूर्ण विचारानं सगळं सोडतात, कारण भावानं आई-वडिलांना शेवटपर्यंत सांभाळलेलं असतं. तो निर्णय मला पटतो, कारण काय सोडतोय हे माहीत असून सोडलेलं असतं. सही करण्याआधी मिळकतीचे सगळे उतारे मागून बघा आणि स्वतःच्या वकिलाला दाखवा. भावाच्या वकिलाला नव्हे. उतारे मागितल्यावर ज्या माहेरात अबोला सुरू होतो, ते माहेर आधीपासून कशावर टिकून होतं हे स्वतःला विचारा.

निर्णय चुकला तर?

आधी बघा, निर्णय चुकला की फळ वाईट मिळालं. दोन्ही एक नव्हेत. छाटणी वेळेवर, फवारण्या चोख, आणि माल तयार असताना फेब्रुवारीत गारपीट झाली, तर बागायतदाराचा निर्णय चुकला असं कुणी शहाणा म्हणणार नाही. उलट पावसाचा अंदाज न बघता छाटणी घेतली आणि नशिबानं भाव मिळाला, तर तो निर्णय चांगला ठरत नाही. पुढच्या वर्षी तोच अंगलट येतो.

खरंच चुकला असेल तर जेवढ्या लवकर कबूल कराल तेवढा खर्च कमी. आणि पश्चात्तापाबद्दल अभ्यासकांना वारंवार एक गोष्ट दिसली आहे: केलेल्या चुका माणसाला लगेच छळतात, पण वर्षं उलटल्यावर न केलेल्या गोष्टींची हळहळ जास्त उरते. साठी ओलांडलेल्यांशी बोलताना मलाही हेच ऐकू येतं. न दिलेली परीक्षा, न विचारलेलं स्थळ, भावाशी न मिटवलेलं भांडण.

सगळं ठरलं. आता घरी सांगायचं कसं?

आई-वडील दोघांना एकदम सांगू नका. ज्याला जास्त झळ बसणार आहे त्याला आधी, एकट्याला. जेवणाच्या ताटावर किंवा टीव्ही चालू असताना नको. रानात पाणी पाजताना किंवा दुचाकीवरून बाजारला जाताना बोलणं सोपं जातं, कारण तोंडाकडं तोंड करून बसावं लागत नाही.

"मी ठरवलंय" या शब्दांनी सुरुवात केली तर वडील पुढचं ऐकतच नाहीत. काय सोडतोय ते आधी सांगा: "आण्णा, तुमची इच्छा मी इंजिनिअर व्हावं अशी होती, ती पुरी होणार नाही, आणि याचं मला वाईट वाटतं." मग कारण सांगा, पैशाचा हिशेब सांगा, जमलं नाही तर कुठल्या तारखेला काय करणार ते सांगा. लगेच होकार मागू नका. आठवडाभर द्या. तेवढ्यात आई बोलेल, चुलते बोलतील, एखादी रात्र घरात कुणी नीट जेवणार नाही. त्या आठवड्यात उलट उत्तर देऊ नका आणि रोजची कामं चुकवू नका. आठवड्यानं तुम्हीच पुन्हा विषय काढा.